कोकणात नवं घर बांधताय? खिडक्या लाकडाच्या की यूपीव्हीसीच्या, हे भिंतीला विचारा

चिऱ्याचे थर छातीपर्यंत आले की गवंडी एक दिवस हात पुसत विचारतो, "खिडक्यांचं काय ठरवलंत?" तोवर आपण स्लॅब, विहीर, लाईटचं मीटर यातच अडकलेले असतो. मग घरात दोन पक्ष पडतात. मुंबईहून आलेला भाऊ म्हणतो, "यूपीव्हीसी टाक, कटकट नको." काका म्हणतात, "प्लास्टिकच्या खिडक्या? परसात साग उभा आहे तो काय कावळ्यांसाठी?"

रत्नागिरी जिल्ह्यात गावी घर बांधलं तेव्हा आमच्याकडे अकरा खिडक्या होत्या. शेवटी सात लाकडाच्या आणि चार यूपीव्हीसीच्या झाल्या. त्यातली एक लाकडाची आणि एक प्लास्टिकची चुकली, आणि दोन्ही चुका माझ्या होत्या. त्यातून एवढं कळलं की अख्ख्या घराला एकच उत्तर नसतं. प्रत्येक खिडकीपाशी उभं राहून दोन प्रश्न विचारायचे. ही भिंत पावसाच्या तोंडावर आहे का? आणि या घरात बारा महिने माणूस राहणार आहे का? बाकीचं सगळं या दोन उत्तरांमागून येतं.

पहिलं काम: नकाशा घेऊन घराभोवती एक फेरी

घराचा नकाशा कागदावर काढा, त्यावर दिशा लिहा. कोकणात जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, आणि पाऊस त्याच्यावर स्वार होऊन येतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. म्हणजे पश्चिम आणि दक्षिण भिंतीवरच्या खिडक्या वेगळ्या, पूर्व आणि उत्तरेच्या वेगळ्या. नकाशात प्रत्येक खिडकीपुढे 'तोंडावर' किंवा 'आडोशाला' असं लिहून टाका.

आडोसा म्हणजे किती, याचा एक सोपा अंदाज आहे. पाऊस ४५ अंशात तिरपा आला तर २ फूट पुढे आलेला छज्जा खिडकीचा वरचा २ फूट भागच वाचवतो. खिडकी ४ फूट उंच असेल तर खालची अर्धी भिजणारच, आणि वादळी पावसात थेंब ४५ अंशांपेक्षाही आडवे येतात. जुन्या कौलारू घरांतल्या साध्या आंबा-फणसाच्या खिडक्या साठ-सत्तर वर्षं टिकल्या त्या लाकडाच्या गुणापेक्षा पडवीच्या गुणाने. सहा-सात फुटांची पडवी, तिला पावसाळ्याआधी बांधलेली माडाची झापं, आणि त्याच्या आत भिंत. खिडकीला पावसाची झड कधी लागलीच नाही. आता आपण स्लॅबचं घर बांधतो, पडवी उडवतो, उघड्या भिंतीत तीच खिडकी लावतो आणि मग म्हणतो, आजकाल लाकूड पूर्वीसारखं राहिलं नाही!

दुसरा प्रश्न माणसाचा. कोकणातली कितीतरी घरं गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूप. लाकडाच्या खिडकीला राखणदार लागतो. रंगाला चीर पडली की ती त्याच वर्षी बुजवणारा, वाळवीची मातीची नळी दिसली की खरडून टाकणारा. बंद घरात हे होत नाही.

दोन्ही उत्तरं जोडली की चित्र स्पष्ट होतं. भिंत तोंडावर आणि घर बंद असेल तर यूपीव्हीसीच घ्या, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तोंडावरची भिंत पण घरात माणसं असतील, तर पडवी बांधणार असाल तरच लाकूड. आडोशाची भिंत आणि राहतं घर असेल तर लाकूड मनसोक्त वापरा, तिथे प्लास्टिकने फारसं काही वाचत नाही. आडोशाची भिंत आणि बंद घर असेल तर खिसा ठरवेल.

साहित्याआधी ठरवा: खिडकी उघडणार कशी

लोक इथेच घसरतात. यूपीव्हीसी म्हटलं की दुकानदार आधी सरकती खिडकी दाखवतो, कारण ती बनवायला सोपी. दोन रुळांच्या सरकत्या खिडकीची अर्धीच जागा उघडते. राष्ट्रीय इमारत संहिता दमट-उष्ण हवेच्या प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश खिडक्या असाव्यात असं सांगते. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट, तिला २० चौरस फूट खिडकी, म्हणजे ४ बाय ५ ची एक. ती झडपांची असेल तर जवळपास सगळी उघडते. सरकती असेल तर वारा यायला १० चौरस फूट उरतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी वीज गेल्यावर हा फरक अंगाला कळतो.

आणि आता पाण्याचं. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात पाणी साचतं आणि बाहेरच्या बाजूच्या छोट्या भोकांतून निघून जातं. वारा नसेल तेव्हा. वारा जोरात असला की तो त्या पाण्याला आत ढकलतो. हिशोब सोपा आहे: वाऱ्याचा दाब (पास्कलमध्ये) म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. ताशी ७२ किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला २० मीटर. दाब २४० पास्कल. दर १० पास्कलला पाणी साधारण १ मिलिमीटर वर चढतं. म्हणजे रुळात २४ मिलिमीटर पाणी उभं राहतं. आतल्या बाजूची कड त्याहून बुटकी असेल, तर पाणी तुमच्या फरशीवर. माझी चुकलेली प्लास्टिकची खिडकी हीच. स्वयंपाकघराची, नैर्ऋत्येची, सरकती. पहिल्याच जूनमध्ये ओट्यावर पाणी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारे ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले होते, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अशा दिवशी सरकती खिडकी पाणी अडवेल अशी अपेक्षाच ठेवू नका.

म्हणून तोंडावरच्या भिंतीला बाहेर उघडणारी झडपेची खिडकीच हवी. बाहेर उघडणारी झडप वारा आला की चौकटीवर आणखी दाबली जाते, आत उघडणारी सैल होते. यूपीव्हीसीत हिला केसमेंट म्हणतात. कडेने रबरी पट्टीच्या दोन ओळी आहेत का ते बघा, एकीवर भागवू नका. सरकती खिडकी हवीच असेल तर ती उत्तरेला किंवा पडवीत घ्या. वाट अरुंद असेल आणि झडप येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागणार असेल, तर सरकती सोयीचीच.

वर-खाली सरकणाऱ्या इंग्रजी धाटणीच्या खिडक्याही कोणीतरी इंटरनेटवर बघून मागतं. जुन्या रेल्वे डब्याच्या खिडकीची आठवण करा, तोच प्रकार. दिसते सुंदर, पण तीही अर्धीच उघडते, आपले सुतार ती करत नाहीत, आणि बिघडली तर गावात कोणाला बोलावणार? सोडून द्या.

एक गंमत म्हणून सांगतो, आमच्याकडच्या वानरांना सरकती खिडकी उघडता येते. झडपेची कडी त्यांना अजून जमलेली नाही.

लाकूड घ्यायचं तर

'सागवान' या एका शब्दावर जाऊ नका. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात, त्यामुळे वाळवी आणि पाणी दोन्ही त्याच्यापासून दूर राहतात. पण हा गुण गाभ्याचा. सालीलगतच्या पांढरट कडेत तो नाही. बारा-पंधरा वर्षांच्या कोवळ्या झाडात ही पांढरी कडच जास्त असते, आणि सागाच्या नावाखाली तीही विकली जाते. वखारीत गेलात की फळीची दोन्ही टोकं बघा. पांढरा पट्टा दिसला तर तो भाग आतल्या कपाटाला ठेवा, खिडकीला नको. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, बल्लारशा आणि आलापल्लीचा साग नावाजलेला. अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून, म्हणजे याच बल्लारशाहून, साग गेला. पण तो आपल्या तालुक्याच्या वखारीत येईपर्यंत महाग होतो. बाहेरच्या देशांतला लागवडीचा सागही बाजारात भरपूर आहे. त्यात चांगला-वाईट दोन्ही असतो, टोकं बघण्याचा नियम तिथेही तोच.

साग परवडत नसेल तर फणस. पिवळाधमक, वाळवीला सहसा न रुचणारा, कालांतराने तांबूस होतो. फणसाच्या चौकटी आणि आत सागाच्या झडपा, ही कोकणातली जुनी तडजोड आहे आणि अजूनही चांगली आहे. ऐन, किंजळ मजबूत पण जड, रंधा मारताना सुतार कुरकुरतो. आंबा पावसाच्या तोंडावर अजिबात नको. फुगतो, भुंगा लागतो.

परसातलं झाड वापरायचं असेल तर दोन गोष्टी. पहिली कायद्याची. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ ही झाडं आहेत. म्हणजे झाड तुमच्या सातबाऱ्यावर असलं तरी तोडायला परवानगी लागते, आणि वखारीपर्यंत न्यायला वाहतूक पास लागतो का तेही विचारा. पाया खणायच्या आधीच अर्ज टाका.

दुसरी गोष्ट वेळेची. हवेत वाळवायचं तर जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. अडीच इंची चौकटीला अडीच वर्षं! एवढं कोणी थांबत नाही. पण किमान एक उन्हाळा तरी कापलेला माल सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, टोकांना रंग लावून रचून ठेवा. टोकांतून पाणी भराभर उडतं आणि लाकूड फाटतं, म्हणून रंग. जुनी माणसं अंधाऱ्या पंधरवड्यात झाड तोडायची आणि ओंडके तळ्यात किंवा वाहत्या पाण्यात मुरवायची. पाण्यात राहिलं की लाकडातला पिठूळ अंश धुऊन जातो आणि भुंग्याला खायला उरत नाही. चंद्राचं काय ते मी सांगू शकत नाही, पाण्याचं मात्र खरं आहे. वखारीतून तयार माल घेणार असाल तर ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं ते विकत घ्या. १२ ते १५ टक्के आला तर घ्या, २० च्या वर आला तर परत ठेवा.

हिशोब सुताराच्या तोंडावर सोडू नका. ४ बाय ४ ची, दोन झडपांची खिडकी घेऊ. चौकट ४ इंच बाय अडीच इंच. बाहेरचा फेर १६ फूट आणि मधला उभा खांब ४ फूट, मिळून २० फूट, म्हणजे सुमारे १.४ घनफूट. झडपांच्या ३ इंच बाय सव्वा इंचाच्या पट्ट्या २८ फूट, म्हणजे पाऊण घनफूट. एकूण २.१, त्यावर कापणीची तूट धरून पावणेतीन घनफूट. ओंडका विकत घेत असाल तर मोजमाप वेगळं: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ४ फूट घेराचा ८ फूट ओंडका ८ घनफूट भरतो, पण कापून चौकोनी माल निम्म्याच्या आसपास हाती येतो. म्हणजे असा एक ओंडका दीड खिडकीचा.

लाकडाला फट ठेवा आणि सहाही बाजूंनी रंगवा

लाकूड पावसात फुगतं, हिवाळ्यात आक्रसतं. साग यात सगळ्यांत गुणी, तरी ओलावा १२ टक्क्यांवरून १८ वर गेला की तीन इंची पट्टी जवळपास १ मिलिमीटर रुंद होते. मधे खांब नसलेल्या दोन झडपांच्या खिडकीत अशा चार उभ्या पट्ट्या असतात, म्हणजे साडेतीन ते चार मिलिमीटर. मे महिन्यात बसवलेली खिडकी 'अगदी घट्ट, टाचणी जाणार नाही' अशी असेल तर जुलैत ती उघडणार नाही. मे महिन्यात झडपांभोवती मिळून चारेक मिलिमीटर फट ठेवायला सांगा, आणि दोन झडपा जिथे भेटतात तिथे एकीवर दुसरी चढेल अशी पट्टी करून घ्या. मग फटीतून पाणी येत नाही.

माझी चुकलेली लाकडाची खिडकी याच कारणाने चुकली. जुलैत अडकली, मी सुताराला बोलावलं, त्याने रंधा मारला, खिडकी लोण्यासारखी फिरायला लागली. डिसेंबरात तिथे बोटभर फट! तेव्हा लक्षात ठेवा, पावसाळ्यात अडकलेल्या खिडकीला रंधा लावायचा नाही. मेणबत्ती घासा, जमेल तसं वापरा आणि दिवाळीनंतर पुन्हा बघा. तेव्हाही अडकत असेल तरच सुतार.

रंगाचं काम बसवण्याआधीच व्हायला हवं. चौकटीची भिंतीकडची पाठ आणि खालची टोकं नंतर कधीच दिसत नाहीत, आणि सडणं तिथूनच सुरू होतं. या लपणाऱ्या बाजूंना होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल दोनदा द्या. काळं पडतं, वास येतो, पण भिंतीत जाणार असल्यामुळे कोणाला दिसत नाही. हातमोजे घाला, कातडी भाजते. दर्शनी बाजूला बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, किंवा बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. चपड्याचं फ्रेंच पॉलिश बाहेर मुळीच नको, पहिल्याच पावसात पांढरं पडतं. आडोशाच्या खिडकीला तीन-चार वर्षांनी पुन्हा एक हात लागेल, हे आत्ताच मनात धरा.

यूपीव्हीसी घ्यायचं तर

आधी नावाचा घोळ. पीव्हीसीत मऊपणासाठी घालतात ती द्रव्यं यात नसतात, म्हणून हे कडक पीव्हीसी. उन्हाने पिवळं पडू नये आणि ठिसूळ होऊ नये म्हणून यात टिटॅनियम डायऑक्साइड घालतात. स्वस्त मालात तिथेच काटकसर होते आणि डोळ्यांना ती पहिल्या दिवशी दिसत नाही. दिसण्यासारख्या गोष्टी बघा.

चौकट ज्या पोकळ प्लास्टिक पट्टीची बनते तिचा कापलेला तुकडा मागा. नाही दिला तर दुसरं दुकान. पट्टीच्या बाहेरच्या बाजूच्या प्लास्टिकची जाडी कॅलिपरने मोजा. युरोपीय मानकात पहिल्या वर्गाच्या पट्टीची दर्शनी बाजू किमान २.८ मिलिमीटर जाड असते, दुसऱ्या वर्गाची २.५. त्याच मानकात हवामानाचेही दोन वर्ग आहेत, मध्यम आणि कडक ऊन; आपल्याला कडक उन्हाचा हवा. शिशाचा वापर नसलेला माल आहे का तेही विचारा.

प्लास्टिक एकटं वारा पेलत नाही, आत जस्त चढवलेल्या लोखंडाची पट्टी असते. ती किमान दीड मिलिमीटर जाडीची आणि पट्टीच्या पूर्ण लांबीची हवी. काही कारागीर मधला तुकडा टाकून मोकळे होतात. तपासायला ताकदवान लोहचुंबक खिशात ठेवा आणि चौकटीवरून फिरवत न्या. जिथे पकड सुटते तिथे लोखंड नाही. ही युक्ती मला एका जुन्या फॅब्रिकेटरनेच सांगितली, बहुधा शेजारच्या दुकानावर राग होता म्हणून.

पोलादाचं महत्त्व कळायला हा आकडा: पणजी-पुण्याकडे वाऱ्याचा मूळ वेग मानकात सेकंदाला ३९ मीटर धरतात. वरच्याच सूत्राने दाब येतो ९०० पास्कलच्या वर, म्हणजे चौरस मीटरला ९० किलोहून जास्त. ४ बाय ५ च्या खिडकीवर दीडशे किलोच्या पुढे भार. दोन धडधाकट माणसं खिडकीला टेकून उभी आहेत असं समजा.

रंग पांढराच घ्या. लाकडासारखा दिसणारा, वरून चिकटवलेला गडद पातळ थर उन्हात फार तापतो, आणि हे प्लास्टिक ७५-८० अंशांपाशी मऊ व्हायला लागतं. पश्चिमेच्या भिंतीला गडद रंग म्हणजे वाकण्याला आमंत्रण. शिवाय वितळवून जोडलेल्या कोपऱ्यावरचा हा थर खरवडून निघतो आणि तिथे चक्क पेनाने रंग भरतात! दोन वर्षांत कोपरे उघडे पडतात. लाकूड हवं असेल तर लाकूडच घ्या ना. उष्णतेने मऊ पडतं म्हणून चुलीच्या जवळच्या खिडकीलाही प्लास्टिक नको.

बिजागऱ्या, झडप हवी तिथे थांबवणारे घर्षणाचे आधार, स्क्रू हे सगळं समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत असाल तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचं मागा. आत तालुक्याकडे ३०४ चालेल. खारी हवा प्लास्टिकला हात लावत नाही पण स्क्रू खाते, आणि मग अख्खी झडप हातात येते. लाकडाच्या खिडकीला पितळी बिजागऱ्या, हे सांगायला नको.

उरलेले प्लास्टिकचे तुकडे कारागीर आवारात टाकून जातो. ते शेकोटीत किंवा होळीत जाऊ देऊ नका, जळताना हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो.

बसवणं: अर्धी खिडकी इथेच असते

जांभ्याचा चिरा सच्छिद्र आणि भुसभुशीत. त्यात मारलेला फास्टनर पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि झडप दोन वर्षं आपटून आपटून ढिला होतो. म्हणून खिडकीच्या चारही कडांनी तीन-चार इंची काँक्रीटची चौकट भरून घ्या आणि खिडकी त्यात अडकवा. खर्च थोडा, पण तो वाचवण्यात शहाणपण नाही. लाकडाच्या चौकटीला भिंतीत रुतणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट असतात, तेही याच काँक्रीटमध्ये पकडू द्या. यूपीव्हीसीसाठी भिंतीत लाकडी गुटके ठोकू देऊ नका. प्लास्टिकला वाळवी लागत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि वाळवी आत गुटके खातेय.

खालचा कट्टा बाहेरच्या बाजूला उतरता हवा, आणि त्याच्या पुढच्या कडेला खालून एक खाच, म्हणजे पाणी भिंतीकडे न ओघळता तिथेच तुटून पडेल. छज्जाच्या खालीही तशीच खाच. ही दोन कामं गवंडी विसरतो. तुम्ही उभे राहा.

यूपीव्हीसीचं माप गिलावा झाल्यावर, कट्टा बसल्यावर. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण. सगळ्यांत लहान माप खरं धरा आणि त्यातून प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर सोडा. दीड मीटरची पट्टी थंडी-उन्हाच्या ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर लांब होते. तिला जागा नसेल तर ती वाकेल. फटीत फोम आणि बाहेरून चांगला सिलिकॉन. फटीत सिमेंट कोंबू देऊ नका.

आणि ती पाण्याची भोकं! आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वाऱ्याच्या जोडीला हाही घोटाळा होता. गवंड्याने फिनिशिंग करताना बाहेरून पांढऱ्या सिमेंटने भोकं स्वच्छ बुजवली होती. त्याच्या दृष्टीने ती कारागिराने ठेवलेली चूक होती. टाचणीने उकरून काढली तेव्हा अर्धा लिटर पाणी भळभळा बाहेर आलं.

लाकडाच्या चौकटी भिंत चढतानाच बसवायची आपली पद्धत आहे. तसं करत असाल तर चौकटीला प्लास्टिकचा कागद गुंडाळा, नाहीतर सिमेंटचे डाग सागावर कायमचे. मला विचाराल तर काँक्रीटची कड करून गिलाव्यानंतरच बसवा.

गज, जाळी आणि बंद घर

लाकडाच्या चौकटीतून गज आरपार जातात, ते सोपं. यूपीव्हीसीच्या पट्टीला गज कधीच जोडू नका, त्याची लोखंडी चौकट वेगळी करून भिंतीत आतल्या बाजूला बसवा आणि गजांमधून हात घालून झडप ओढता येते का ते आधी तपासा. मच्छरजाळी स्टेनलेसची घ्या, फायबरची उंदीर कुरतडतात.

घर बंद राहणार असेल तर एक इशारा. यूपीव्हीसी इतकी घट्ट बसते की चार महिन्यांनी कुलूप काढलं की गाद्यांवर बुरशी. प्रत्येक खोलीत छताजवळ, आडोशाच्या भिंतीला, जाळी लावलेला झरोका ठेवा. जुन्या घरांत तो असायचाच. गोव्यात काच दुर्मीळ होती तेव्हा लाकडी चौकटीत शिंपल्यांची तावदानं बसवत, उजेड यायचा आणि फटींतून हवाही खेळायची. घट्टपणा हा गुण एसीच्या खोलीला आणि मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेल्या खोलीला. इतर ठिकाणी त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. उन्हाची काहिली बहुतेक काचेतून येते, चौकटीतून कमी.

पैशांचा हिशोब आणि शेवटचा हप्ता

दर गावागणिक बदलतात, म्हणून रीत सांगतो. समजा सागाचा दर घनफुटाला ४००० रुपये सांगितला, तर त्या ४ बाय ४ च्या खिडकीचं नुसतं लाकूड ११००० रुपयांचं. मजुरी, काच, बिजागऱ्या, पॉलिश वेगळं. समजा यूपीव्हीसी चौरस फुटाला ७०० पडली, तर १६ चौरस फुटांची पूर्ण खिडकी ११२०० ला, काचेसकट. हे आकडे उदाहरणापुरते, तुमचे भरून बघा. विकतचा साग जवळजवळ नेहमीच महाग पडेल. परसातला फणस किंवा साग असेल तर पारडं फिरतं, कारण मग कापणी, वाहतूक आणि मजुरी एवढंच उरतं.

दुरुस्तीचा खर्चही मांडा. लाकडाची झडप वीस वर्षांनी गावातला सुतार नीट करेल. यूपीव्हीसीची रबरी पट्टी आणि चाकं दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागतात, तोवर त्या पट्टीचा नमुना बाजारातून गेलेला असू शकतो. म्हणून खरेदीच्या वेळीच दोन खिडक्यांपुरती रबरी पट्टी, चार चाकं आणि दोन कड्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा, सोबत पट्टीच्या तुकड्यावर कंपनीचं नाव लिहून.

ठरवताना बोलणी अशी करा की दहा टक्के रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतर. कारागीर तयार नसेल तर काम झाल्याच्या दिवशी पाईपला नोझल लावून प्रत्येक खिडकीवर खालून वर, दहा मिनिटं, पाणी मारा. आत कोणीतरी कोरडा रुमाल घेऊन कोपरे पुसत बसावं. आमच्या स्वयंपाकघराची सरकती खिडकी शेवटी काढून पूर्वेच्या माळ्याला लावली, आणि तिच्या जागी दोन रबरी पट्ट्यांची झडपेची आली. त्यानंतरच्या पावसाळ्यात आई ओट्यावर पहिल्या रात्री टॉवेल पसरून झोपली होती. सकाळी तो कोरडा होता, पण ती अजूनही दर जूनमध्ये एकदा पसरतेच.